रक्तक्षयाचे अर्थकारण आणि ल्युसी विल्स

खारेपाटणसारख्या गावातील आरोग्य केंद्रात गर्भवतीच्या हाती लोह आणि फॉलिक आम्लाची गोळी विनामूल्य ठेवली जाते. त्या गोळीचा इतिहास मुंबईच्या परळ भागाशी आणि डॉ. ल्युसी विल्स या ब्रिटिश विदुषीच्या चरित्राशी निगडित आहे.

विल्स यांचा जन्म १८८८ साली बर्मिंगहॅमजवळ झाला. केंब्रिज येथे त्यांनी वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्राचे अध्ययन केले, १९२० साली लंडनमध्ये वैद्यकाची पात्रता मिळविली आणि प्रयोगशाळेतील संशोधन पत्करले. १९२८ साली मातामृत्यूंच्या चौकशीनिमित्त त्या मुंबईस आल्या व हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. कोकणच्या चाकरमान्यांच्या श्रमावर उभे राहिलेले गिरणगाव संस्थेच्या दाराशीच होते. तेथील श्रमिक गर्भवतींना एका विशिष्ट रक्तक्षयाने ग्रासले होते. तांबड्या पेशी आकाराने मोठ्या, पण संख्येने अल्प. असे शरीर प्रसूतीतील रक्तस्राव सोसणार कसे?

विल्स यांनी निरनिराळ्या थरांतील स्त्रियांचा आहार तपासला. भाज्या, फळे व प्रथिने जेथे दुर्मिळ, तेथेच हा रोग अधिक, असे त्यांना आढळले. मग माकडांवर आणि रुग्णांवर प्रयोग झाले. यीस्टपासून बनणाऱ्या मार्माइट या स्वस्त पदार्थाने स्त्रिया बऱ्या होऊ लागल्या. १९३१ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि त्यातील अज्ञात द्रव्य ‘विल्स घटक’ म्हणून ओळखले जाऊ लागले. १९४१ साली पालकाच्या पानांतून फॉलिक आम्ल वेगळे करण्यात आले, तर १९४५ साली अमेरिकेत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखालील संशोधकांनी ते कृत्रिमरीत्या तयार केले. विल्स अविवाहित राहिल्या. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातून १९४७ साली निवृत्त झाल्यावरही जमैका, फिजी येथे त्यांचे पोषणविषयक काम चालू होते. १९६४ साली त्या निवर्तल्या.

रक्त न गोठण्याच्या विकारांना तज्ज्ञ आणि महाग औषधे लागतात; तेथे गरिबाची अडचण समजू शकते. परंतु या रक्तक्षयाचे औषध स्वस्त आहे, कारणही ज्ञात आहे. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. गोळी आवश्यक आहेच. पण घरात सर्वांच्या शेवटी जेवणाऱ्या स्त्रीच्या ताटात भाजी व डाळ पडत नाही, तोवर विल्स यांचे काम अपुरेच राहील. हा प्रश्न वैद्यकाइतकाच मजुरीचा व वाटपाचा आहे.