व्हर्जिनिया अ‍ॅपगार: न बोलणाऱ्या बाळाला गुण देणाऱ्या डॉक्टर

बाळंतपणानंतर मिळालेल्या डिस्चार्ज कार्डावर अ‍ॅपगार असा शब्द आणि पुढे ८/१०, ९/१० असे आकडे तुम्ही पाहिले असतील. हे एका डॉक्टरांचे आडनाव आहे. लहान मुलांच्या ऑपरेशननंतरच्या वेदना आज आपण आकड्यांत मोजतो, त्यातही त्यांची पद्धत दिसते.

व्हर्जिनिया अ‍ॅपगार यांचा जन्म ७ जून १९०९ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात झाला. १९३३ मध्ये त्या कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टर झाल्या. त्यांना सर्जन व्हायचे होते. पण सर्जरी विभागप्रमुख अ‍ॅलन व्हिपल यांनी भूलशास्त्राकडे वळण्याचा सल्ला दिला. तेव्हा या शाखेला फारशी प्रतिष्ठा नव्हती. १९३८ मध्ये त्या कोलंबियातील भूल विभागाच्या प्रमुख झाल्या आणि १९४९ मध्ये तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयातील पहिल्या महिला पूर्ण प्राध्यापक.

प्रसूतीच्या वेळी आईला दिलेल्या भुलीचा बाळावर काय परिणाम होतो, हे त्या पाहत होत्या. बाळ ठीक आहे की नाही, हे मात्र प्रत्येक जण आपापल्या अंदाजाने ठरवत असे. अ‍ॅपगार यांनी पाच गोष्टी निवडल्या: हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, स्पर्शाला प्रतिसाद आणि त्वचेचा रंग. प्रत्येकीला ०, १ किंवा २ गुण. १९५३ मध्ये हे प्रसिद्ध झाले. पुढे सहकाऱ्यांसोबत रक्ततपासण्या करून त्यांनी या गुणांची पडताळणीही केली. ७ ऑगस्ट १९७४ रोजी त्यांचे निधन झाले.

अ‍ॅपगार स्कोअर वेदना मोजत नाही, हे लक्षात ठेवा. पण ज्याला बोलता येत नाही त्याच्या अंगावरची ठरावीक लक्षणे पाहून गुण द्यायचे, हे तत्त्व पुढे वेदनेसाठीही उपयोगी पडले. १९९५ मध्ये नवजात बाळांसाठी क्राइज स्केल आले, तेही दहा गुणांचे. १९९७ मध्ये साधारण २ महिने ते ७ वर्षांच्या मुलांसाठी फ्लॅक स्केल आले. त्यात चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत काढल्यावर शांत होणे, अशा पाच गोष्टींना ० ते २ गुण देतात. बेरीज १ ते ३ आली तर सौम्य, ४ ते ६ मध्यम आणि ७ ते १० तीव्र वेदना समजतात. औषध दिल्यावर पुन्हा मोजले की ते लागू पडले का, हे कळते.

आता तुमचे काम. भूक, भीती किंवा आई दिसत नसल्यामुळेही मूल रडते आणि गुण वाढतात. उलट, हालचाल केली की दुखते म्हणून एखादे मूल गप्प पडून राहते. तुमचे मूल एरवी कसे रडते, कशाने शांत होते, हे तुम्हालाच माहीत असते. ते सिस्टरांना जरूर सांगा. घरी आल्यावर वेदनाशामक औषध डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत आणि वेळेवरच द्या. मनाने डोस वाढवू नका आणि अ‍ॅस्पिरिन देऊ नका. औषध देऊनही मूल शांत होत नसेल, दूध-पाणी घेत नसेल, लघवी कमी झाली असेल, ताप आला असेल किंवा ते फार सुस्त वाटत असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जा.