आतड्यातील जंतूंचा वेध घेणारा संशोधक : इल्या मेचनिकॉफ

पटकीचे जिवंत जंतू एखाद्या शास्त्रज्ञाने जाणूनबुजून प्यावेत, ही गोष्ट आज कोणतीही नीतिमत्ता समिती मान्य करणार नाही. पण १८९२ मध्ये फ्रान्समध्ये पटकीची साथ आली असताना पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील इल्या मेचनिकॉफ यांनी ते केले. त्यांना काहीही झाले नाही. त्यांच्या पाठोपाठ तोच प्रयोग करणारा एक स्वयंसेवकही ठणठणीत राहिला. आणखी एकाला मात्र तीव्र पटकी झाली आणि तो मरणाच्या दारातून परत आला. एकच जंतू एकाला आजारी पाडतो आणि दुसऱ्याला का नाही, या प्रश्नाने मेचनिकॉफ यांना पछाडले. प्रयोगशाळेतील बशीत त्यांना दिसले, की काही जंतूंच्या सहवासात पटकीचा जंतू फोफावतो, तर काहींच्या सहवासात खुंटतो. मग माणसाच्या पोटातही असेच घडत असेल काय? आतड्यातील सूक्ष्मजीवांविषयीच्या त्यांच्या संशोधनाला येथून दिशा मिळाली.

मेचनिकॉफ हे मुळात वैद्य नव्हतेच, ते प्राणिशास्त्रज्ञ. जन्म १८४५ चा, आजच्या युक्रेनमधील खारकीव्हजवळचा. विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत पुरा केला आणि पंचविशीतच ते ओडेसा येथे प्राध्यापक झाले. खासगी आयुष्य मात्र दुःखाने भरलेले होते. पहिली पत्नी ल्युडमिला १८७३ मध्ये क्षयाने गेली. दुसरी पत्नी ओल्गा विषमज्वराने मृत्यूच्या छायेत गेली, तीही पुढे वाचली. या दोन्ही प्रसंगी मेचनिकॉफ यांनी जगण्याकडे पाठ फिरवली होती. पुढे हाच माणूस दीर्घायुष्याचा आणि आशावादाचा पुरस्कर्ता झाला, याचे नवल वाटते.

ओडेसातील राजकीय वातावरणाला कंटाळून १८८२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि कुटुंबासह ते सिसिलीतील मेसिना येथे गेले. एके दिवशी घरची मंडळी सर्कशीला गेली असताना ते एकटेच सूक्ष्मदर्शकापाशी बसले होते. तारामाशाच्या पारदर्शक अळीच्या शरीरात त्यांनी गुलाबाचे काटे टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तो काट्याभोवती फिरत्या पेशींनी गर्दी केलेली! शरीरात शिरलेल्या शत्रूला गिळणाऱ्या या भक्षक पेशींच्या सिद्धान्तासाठी १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना पॉल एर्लिख यांच्यासमवेत मिळाले.

१८८८ पासून अखेरपर्यंत ते पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये राहिले. ओडेसातील त्यांचा विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन हाही पुढे तेथे आला. याच हाफकिन यांनी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळच्या हाफकिन संस्थेमुळे हे नाव आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. त्यांच्या गुरूचे नाव मात्र फारसे कानावर येत नाही.

वयाच्या साठीकडे झुकताना मेचनिकॉफ म्हातारपणाच्या कारणांकडे वळले. मोठ्या आतड्यात अन्न कुजते, कुजवणाऱ्या जंतूंची विषे रक्तात भिनतात आणि शरीर लवकर जीर्ण होते, असे त्यांचे मत बनले. आंबट दुधातील लॅक्टिक आम्ल या जंतूंना रोखते, म्हणून ते जंतू पोटात सोडावेत, हा त्यावरचा त्यांचा उपाय. बल्गेरियातील दही खाणाऱ्या दीर्घायुषी शेतकऱ्यांचा दाखला ते देत. स्वतः कच्चे अन्न टाळून ते उकळलेल्या दुधात विरजलेले दही रोज घेत. आपल्याकडे जेवणानंतर ताकाची वाटी तोंडाला लावणाऱ्याला यात नवे काहीच वाटणार नाही. पण १९०४ मधील त्यांच्या व्याख्यानानंतर युरोप-अमेरिकेत दह्याची लाट उसळली. व्यापाऱ्यांना त्यांचे नाव आयतेच सापडले. दही म्हणजे म्हातारपणावरचे अमृत नव्हे, असा खुलासा त्यांनी केला खरा, परंतु जाहिरातींच्या गोंगाटात तो कोण ऐकतो!

त्यांच्या चुकाही नोंदवल्या पाहिजेत. मोठे आतडे हा निरुपयोगी, किंबहुना घातक अवयव आहे, हे त्यांचे मत टिकले नाही. लंडनमध्ये आर्बथनॉट लेन या शल्यविशारदाने तर अशाच समजुतीपोटी बद्धकोष्ठाच्या रुग्णांची मोठी आतडी कापून काढली. बल्गेरियन दह्याचा जंतू आतड्यात वस्ती करीत नाही, हेही १९२० च्या सुमारास अमेरिकेतील येल विद्यापीठात दिसून आले. त्यानंतर हा विषय बराच काळ मागे पडला. परंतु पोटातील जंतूंचा समतोल बदलला तर रोग टळू शकतो, ही मूळ कल्पना मेली नाही. प्रतिजैविकांच्या वापरानंतर पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या एका जीवघेण्या अतिसारावर निरोगी व्यक्तीच्या विष्ठेतील सूक्ष्मजीव रुग्णाच्या आतड्यात सोडण्याचा उपचार गुणकारी असल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले, आणि २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा पहिल्या औषधाला मंजुरी दिली.

पहिल्या महायुद्धात प्रयोगशाळा ओस पडली, तरुण सहकारी आघाडीवर गेले. मेचनिकॉफ यांचे हृदय थकत चालले होते. जुलै १९१६ मध्ये वयाच्या ७१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. शवविच्छेदनाच्या वेळी आपली आतडी नीट तपासावीत, असे त्यांनी आपल्या एका सहकारी डॉक्टरला आधीच बजावून ठेवले होते. त्यांच्या अस्थी पाश्चर इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात ठेवण्यात आल्या.