मशीन बदललं तरी चालणार!

मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनो, पान उलटू नका. लेख प्रोग्रॅमिंगवर असला तरी ज्यांच्याबद्दल आहे त्या ग्रेस हॉपर या बाईंनी वयाच्या सातव्या वर्षी घरातली सात अलार्म घड्याळं खोलून ठेवली होती. आईने शेवटी एकाच घड्याळावर तडजोड केली. आणखी एक, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका मराठीच्या मॅडमनी पोटात घालाव्यात.

विषय मात्र सगळ्यांच्या ओळखीचा आहे. सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर कोणीतरी रडत असतं, की माझ्या लॅपटॉपवर चालतंय पण लॅबच्या पीसीवर बिल्डच होत नाही. लायब्ररी तीच, कोड तोच, पण इथे लिनक्स, तिथे विंडोज. कंपायलर वेगळा, फाइलचे पाथ वेगळे. या दुखण्यावर आयुष्यभर काम करणारं पहिलं मोठं माणूस म्हणजे हॉपरबाई, असं माझं मत आहे.

जन्म ९ डिसेंबर १९०६, न्यूयॉर्क. व्हॅसार कॉलेजातून १९२८ मध्ये पदवी, येल विद्यापीठातून १९३४ मध्ये गणितात पीएच.डी. व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी १९३० मध्ये झालेलं लग्न १९४५ मध्ये मोडलं, आडनाव तेवढं राहिलं. व्हॅसारमध्ये शिकवण्याची पक्की नोकरी होती. पण महायुद्ध पेटलं आणि १९४३ मध्ये बाई नेव्हीच्या राखीव दलात गेल्या. वय जास्त, वजन नियमापेक्षा १५ पौंड कमी. खास सूट मिळवून भरती झाल्या. नेव्हीने त्यांना जहाजावर न पाठवता हार्वर्डला हॉवर्ड एकन यांच्या मार्क वन या ५१ फूट लांब मशीनपुढे उभं केलं. त्या मशीनचं पाचशेहून जास्त पानांचं मॅन्युअल बाईंनी लिहिलं. (आपण जर्नल लिहिताना किती कटकट करतो ते आठवा.)

१९४७ मध्ये मार्क टूच्या रिलेत पतंग सापडला आणि त्यावरून बग हा शब्द आला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पतंग खरा, तो चिकटवलेली वहीसुद्धा जपून ठेवलेली आहे. पण बग हा शब्द इंजिनिअर लोक त्याच्या कितीतरी आधीपासून वापरत होते, आणि तो पतंग काही बाईंनी पकडला नव्हता. त्यांना ही गोष्ट सांगायला आवडायची, एवढंच.

हार्वर्डमध्ये बाईमाणसाला कायमची जागा मिळणं शक्य नव्हतं. १९४९ मध्ये त्या फिलाडेल्फियाच्या एकर्ट-मॉकली कंपनीत गेल्या. तो काळ त्यांना फार जड गेला, दारूचं व्यसनही लागलं होतं. पण खरं काम इथेच सुरू झालं.

तिथे युनिव्हॅक हे मशीन तयार होत होतं. मेमरी फक्त १००० शब्दांची. साइन, वर्गमूळ वगैरे काढण्याचे छोटे तयार प्रोग्रॅम लोक वह्यांमध्ये लिहून ठेवत आणि लागतील तसे एकमेकांच्या वहीतून उतरवून घेत. म्हणजे लायब्ररी होती, पण कागदावर! प्रत्येक तुकडा पत्ता शून्यापासून सुरू होतो असं धरून लिहिलेला. तुमच्या प्रोग्रॅममध्ये तो ३०० पासून बसणार असेल, तर त्यातल्या प्रत्येक पत्त्यात ३०० मिळवायचे, तेही हाताने. उतरवताना ४ चा ए व्हायचा, बीचा १३ व्हायचा, आणि बेरजा तर चुकायच्याच.

बाईंचा विचार साधा होता. उतरवणं आणि बेरीज करणं मशीनला आपल्यापेक्षा चांगलं जमतं, मग ते मशीनलाच करू द्या. त्यांनी प्रत्येक तुकड्याला नंबर दिला, सगळे तुकडे टेपवर ठेवले आणि १९५२ च्या सुमारास ए-झिरो नावाचा प्रोग्रॅम उभा केला. आपण नंबर सांगायचे, तो तुकडे शोधून, पत्ते दुरुस्त करून, जोडून द्यायचा. त्यांनी त्याला कंपायलर म्हटलं. आज आपण त्याला लिंकर म्हणू. एक अडचण होती. अजून न आलेल्या तुकड्यावर उडी मारायची असेल तर पत्ता कुठून आणायचा? बाई कॉलेजात बास्केटबॉल खेळायच्या. चेंडू दुसरीकडे पास करून पुढे धावायचं आणि परत घ्यायचा, ही तिथली युक्ती त्यांनी वापरली. मेमरीच्या शेवटी एक कोपरा राखून ठेवला. आधी त्या कोपऱ्यात उडी, आणि खरा तुकडा आला की त्याचा पत्ता त्या कोपऱ्यात भरायचा. मला तर हे वाचून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

पुढची पायरी म्हणजे इंग्रजी शब्दांत प्रोग्रॅम. १९५५ मध्ये त्यांनी साहेब लोकांना नमुना दाखवला आणि उत्साहात तोच प्रोग्रॅम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही दाखवला. मशीनला काय, कुठलाही शब्द म्हणजे चिन्हांची रांग! पण साहेब बिथरले. अमेरिकन मशीनला फ्रेंच, जर्मन कसं कळेल, असं त्यांचं म्हणणं पडलं. समजूत काढण्यात बाईंचे काही महिने गेले. त्यातून फ्लो-मॅटिक ही भाषा आली.

१९५९ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकाराने सगळ्या कंपन्यांच्या मशीनसाठी एक भाषा करायचं ठरलं, ती कोबोल. बाईंना कोबोलची आई म्हणतात, पण ती लिहिणारी समिती वेगळी होती, जीन सॅमेट वगैरे मंडळी त्यात होती. बाई सल्लागार होत्या आणि पाया बराचसा फ्लो-मॅटिकचा. कोबोलमध्ये मला आवडलेली गोष्ट म्हणजे एन्व्हायर्न्मेंट डिव्हिजन. कुठलं मशीन, कुठली फाइल कुठल्या उपकरणावर, हे सगळं एका जागी कोंडायचं, म्हणजे मशीन बदललं की मुख्यतः तेवढाच भाग बदलायचा. आज आपण कॉन्फिगर स्क्रिप्ट चालवतो किंवा सीमेकच्या फाइली लिहितो, त्यामागे हीच कल्पना आहे. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्रॅम युनिव्हॅक टू आणि आरसीए ५०१ या दोन वेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर किरकोळ बदल करून चालवून दाखवला गेला.

तरी गोष्ट संपली नाही. प्रत्येक कंपनीने आपापलं कोबोल थोडं वळवून घेतलं. नेव्हीतच इतके प्रकार झाले, की १९६६ च्या शेवटी निवृत्त केलेल्या बाईंना १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावलं. ते सहा महिने १९ वर्षं चालले! त्यांच्या गटाने कंपायलर तपासायचे टेस्ट प्रोग्रॅमच तयार केले. कंपनी काहीही म्हणो, टेस्ट पास तर कोबोल, नाहीतर नाही. माझ्या मते कोबोलपेक्षा हे काम मोठं, कारण कागदावरचं स्टँडर्ड कोणीही मान्य करतं.

या वयात त्या लेक्चर देत फिरायच्या आणि सुमारे ३० सेंटिमीटरच्या वायरचे तुकडे वाटायच्या: एका नॅनोसेकंदात वीज फार तर इतकं अंतर जाते, हे दाखवायला. ऑफिसातलं घड्याळ उलटं फिरणारं होतं. ऑगस्ट १९८६ मध्ये, ७९ व्या वर्षी, रिअर ॲडमिरल म्हणून बॉस्टनमध्ये कॉन्स्टिट्यूशन या जुन्या जहाजावर त्यांना निरोप दिला गेला. १ जानेवारी १९९२ रोजी त्या गेल्या. १९९६ मध्ये पाण्यात उतरलेल्या अमेरिकन विनाशिकेला त्यांचं नाव आहे, हॉपर.