डॉक्टर हॉल्स्टेड आणि रबरी हातमोजे

आमच्या सिंदेवाहीच्या भोवतालच्या बांध्यांतून धानाची रोवणी चालते तेव्हा दिवसदिवस चिखलपाण्यात राबणाऱ्या आयाबहिणींच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, हे आमच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. परंतु जो हात केवळ स्वच्छतेसाठी वारंवार धुतला जातो तोही सोलतो, चिरतो व आग करू लागतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. भांडी घासणारी मोलकरीण, धोबी आणि दवाखान्यातील परिचारिका यांस मात्र ते दुःख चांगले परिचयाचे आहे. अशाच एका परिचारिकेच्या हातांपायी शस्त्रक्रियेस नवे वळण लागले. ज्यांच्या चरित्रात ही हकीकत येते, त्या डॉ. विल्यम स्टुअर्ट हॉल्स्टेड यांची ओळख आम्ही येथे करून देत आहो.

हॉल्स्टेड यांचा जन्म अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरी 23 सप्टेंबर 1852 रोजी एका सधन व्यापारी घराण्यात झाला. येल येथील महाविद्यालयात असताना त्यांचा जीव पुस्तकांपेक्षा चेंडूच्या खेळात अधिक रमे. (आमच्या काही विद्यार्थ्यांस हे वाचून धीर येईल, पण पुढचेही वाचावे.) शेवटच्या वर्षी शरीररचनेचा ग्रंथ हाती आला आणि तेथून त्यांचे मन पालटले. 1877 साली वैद्यकीची पदवी मिळवून ते युरोपात गेले व व्हिएन्ना आदी ठिकाणी शस्त्रविद्या शिकून 1880 मध्ये परतले. पुढल्याच वर्षी त्यांची बहीण प्रसूतीनंतर रक्तस्रावाने मरणोन्मुख झाली, तेव्हा त्यांनी स्वतःच्या शरीरातले रक्त काढून तिला दिले व तिचे प्राण वाचविले. रक्तांचे गट त्या काळी कोणास माहीत नव्हते. धाडस मोठे, आणि दैवही अनुकूल.

तेच धाडस लवकरच अंगावर आले. कोकेनने शरीराचा भाग बधिर होतो असे 1884 साली कळताच हॉल्स्टेड व त्यांचे सोबती स्वतःच्या अंगावर त्याचे प्रयोग करू लागले. विद्या पुढे गेली, परंतु प्रयोगकर्ते व्यसनात सापडले. हॉल्स्टेड यांस इस्पितळात राहून उपचार घ्यावे लागले. कोकेनच्या जागी मॉर्फीन आले, आणि ते ओझे त्यांनी जन्मभर गुपचूप वाहिले. थोर पुरुषाच्या चरित्रातून असा भाग गाळावा असे आम्हांस वाटत नाही.

मित्र डॉ. वेल्श यांनी त्यांस बाल्टिमोर येथे आधार दिला. तेथे 1889 साली जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उघडले आणि हॉल्स्टेड यांच्याकडे शस्त्रक्रियेचा विभाग आला. जंतूंमुळे जखमा चिघळतात हे तोवर सिद्ध झाले होते. सेमेलवाइस यांनी 1847 साली व्हिएन्नात डॉक्टरांस क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्यास लावून बाळंतिणींचे मृत्यू रोखले होते, आणि लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लाचा प्रघात पाडला होता. हॉल्स्टेड यांची शिस्त याहून कडक. आधी साबण, मग विहिरीत टाकतात त्या जांभळ्या पुडीचे, म्हणजे पोटॅशियम परमँगनेटचे पाणी, मग ऑक्झॅलिक आम्ल, आणि अखेर पाऱ्याच्या एका जालीम क्षाराचे द्रावण!

त्वचेच्या वरच्या थरात निसर्गाने एक स्निग्ध पदार्थ ठेविला आहे. भिंतीच्या विटांत जसा चुना, तसा तो पेशींना सांधून ठेवितो व आतला ओलावा राखितो. साबण व तीव्र औषधे तो धुऊन नेतात, मग त्वचा भेगाळते. आणि नवल हे की त्या भेगांतच जंतूंस अधिक आसरा मिळतो.

शस्त्रक्रियागृहाच्या मुख्य परिचारिका मिस कॅरोलाइन हॅम्प्टन यांच्या हातांची हीच गत झाली. त्या दक्षिण कॅरोलायना प्रांतातील नामांकित घराण्यातल्या, कामात अत्यंत निपुण. हात व बाहू इतके सुजले व सोलले की ते काम सोडण्यावाचून त्यांस गती उरली नाही. हॉल्स्टेड यांनी प्रश्न औषध बदलून सोडविला नाही. त्यांनी न्यूयॉर्कच्या गुडइयर रबर कंपनीकडून पातळ रबराचे हातमोजे मुद्दाम करवून घेतले. बाईंचे हात बरे झाले, आणि जून 1890 मध्ये उभयतांचा विवाहही झाला.

यात ध्यानी घेण्याजोगी गोष्ट अशी की, हे हातमोजे रोग्याच्या रक्षणासाठी नव्हते. कामकरणीच्या कातडीसाठी होते. रोग्यासही त्यांचा लाभ आहे, हे कळावयास आणखी काही वर्षे लागली. त्यांचेच शिष्य डॉ. ब्लडगुड यांनी प्रत्येक शस्त्रक्रियेत हातमोजे घालण्याचा नियम केला आणि अंतर्गळाच्या साडेचारशेहून अधिक शस्त्रक्रियांचा वृत्तान्त 1899 साली प्रसिद्ध केला. जखमा चिघळणे जवळजवळ थांबले होते. आपण इतकी वर्षे हे पाहिले कसे नाही, याचे पुढे खुद्द हॉल्स्टेड यांसही आश्चर्य वाटले.

हातमोज्यांनी सर्व दुःख संपले असे मात्र नव्हे. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांतील रबराच्या चिकाचीच बाधा अनेक परिचारिकांस होऊ लागली व निराळ्या द्रव्यांचे मोजे करावे लागले. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली असे सुचविले की, हातांवर मळ दिसत नसेल तेव्हा साबणाऐवजी ग्लिसरीन मिसळलेला मद्यार्क चोळावा. त्याने जंतू मरतात व कातडीही कमी सुकते. 2020 च्या साथीत ही बाटली घरोघर पोहोचली.

हॉल्स्टेड यांनी पुष्कळ शिष्य तयार केले. पित्ताशयाच्या विकारासाठी त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, तीही त्यांच्याच शिष्यांच्या हातून. 7 सप्टेंबर 1922 रोजी त्याच रुग्णालयात त्यांचे देहावसान झाले. कॅरोलाइनबाई त्यानंतर तीन महिनेही जगल्या नाहीत. नोव्हेंबरात त्याही निवर्तल्या.