विश्लेषण : बाबा आमटे यांनी कुष्ठरोगाच्या उपचाराचा अर्थ कसा बदलला?

वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर १९५१ मध्ये सहा कुष्ठरुग्णांसह आनंदवन सुरू करणारे बाबा आमटे महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. पण ज्या आजारासाठी त्यांनी आयुष्य दिले, त्याबद्दल आजही माहिती कमी आणि भीती जास्त आहे. कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो. तरीही राज्यात या आजाराचे रुग्ण अधिक आढळणाऱ्या जिल्ह्यांत चंद्रपूर आणि गडचिरोलीची नावे येतात आणि निदानाला झालेल्या उशिराची किंमत रुग्णाचे हातपाय मोजतात. हा आजार शरीराचे काय करतो, उपचार कोणते आणि औषधे संपल्यावरही रुग्णाला काय लागते, हे बाबांच्या जीवनप्रवासातून समजून घेता येते.

बाबा आमटे कोण होते?

मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे झाला. घरची जमीनदारी होती. वरोऱ्याजवळच्या गोरजा गावात कुटुंबाची मोठी शेती होती. तरुणपणी शिकारीचा छंद, स्वतःची मोटार आणि इंग्रजी सिनेमांवर परीक्षणे लिहिण्याची हौस, असे त्यांचे दिवस होते. वकिलीची पदवी घेऊन त्यांनी वरोऱ्यात काम सुरू केले आणि ते चांगले चाललेही. १९४२ च्या चळवळीत पकडलेल्या कार्यकर्त्यांचे खटले त्यांनी लढवले. पुढे सेवाग्रामला महात्मा गांधींच्या सहवासात ते राहिले. डिसेंबर १९४६ मध्ये नागपूरच्या इंदू घुले यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच पुढे साधनाताई म्हणून ओळखल्या गेल्या.

कुष्ठरोगाकडे ते कसे वळले?

वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना बाबांनी सफाई कामगारांबरोबर डोक्यावरून मैला वाहण्याचे काम केले. त्या दिवसांत पावसात भिजत पडलेला तुळशीराम नावाचा एक कुष्ठरुग्ण त्यांना दिसला. आजार शेवटच्या अवस्थेला गेला होता, जखमांत किडे पडले होते. ते दृश्य पाहून कुणालाही न घाबरणारे म्हणून ओळखले जाणारे बाबा तिथून पळाले. संसर्गाच्या भीतीने आपल्यावर मात केली, ही गोष्ट त्यांना स्वस्थ बसू देईना. ते परत गेले, बांबूंचा आडोसा उभारला आणि अखेरपर्यंत त्या माणसाची शुश्रूषा केली. गरिबीपेक्षा किंवा सत्तेपेक्षा माणसाला भीती अधिक लाचार करते, असा निष्कर्ष त्यांनी यातून काढला.

वर्धा परिसराला हे काम नवे नव्हते. सेवाग्रामला परचुरे शास्त्री या कुष्ठरोग झालेल्या संस्कृत पंडितांची सेवा गांधीजी स्वतः करत. मनोहर दिवाण यांनी १९३६ पासून वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम चालवले होते. बाबांनी मात्र सेवेबरोबर शास्त्रही शिकायचे ठरवले. १९४९ मध्ये ते कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचा अभ्यासक्रम शिकायला गेले. त्याच वर्षी वरोऱ्यात महारोगी सेवा समिती स्थापन झाली.

हा आजार शरीरात नेमके काय करतो?

कुष्ठरोग हा जंतूमुळे होतो. नॉर्वेचे डॉ. हॅन्सन यांनी १८७३ मध्ये हा जंतू शोधला. पाप, शाप किंवा आनुवंशिकता यांचा त्याच्याशी संबंध नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घकाळच्या निकट सहवासात, मुख्यतः नाकातोंडातून उडणाऱ्या तुषारांतून तो पसरतो. हात मिळवल्याने, एका पंगतीत जेवल्याने तो होत नाही. बहुसंख्य माणसांच्या शरीरात या जंतूला रोखण्याची नैसर्गिक ताकद असते.

हा जंतू फार सावकाश वाढतो. एका जंतूचे दोन व्हायलाच सुमारे दोन आठवडे लागतात. त्यामुळे लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे, तर कधी वीस वर्षेही जातात. त्याला शरीराचे थंड भाग मानवतात : त्वचा, नाक, डोळे आणि त्वचेजवळून जाणाऱ्या नसा. खरे नुकसान नसांचे होते. कोपराजवळची नस बिघडली की करंगळी व अनामिका वाकड्या होतात. गुडघ्याजवळची नस गेली की पाऊल उचलता येत नाही. चेहऱ्याच्या नसेवर परिणाम झाला की डोळा पूर्ण मिटत नाही आणि कोरडा पडून दृष्टी धोक्यात येते.

बोटे झडतात, हा समज चुकीचा आहे. संवेदना गेल्यामुळे चटका, काटा, घट्ट चपलेची जखम कळत नाही. जखम चिघळते, हाडापर्यंत पोहोचते आणि वर्षानुवर्षे असे होत गेले की बोटे आखूड होतात. म्हणजेच जंतू नसेला इजा करतो आणि पुढचे बरेचसे व्यंग न सांभाळलेल्या जखमांमुळे येते. पूर्वी रुग्णाला घराबाहेर काढले जाई, तेव्हा जखम सांभाळण्याचे सगळे मार्गही बंद होत.

त्या काळी कोणते उपचार होते?

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चालमोगऱ्याचे तेल टोचणे हाच मुख्य उपचार होता. ते फार दुखे आणि गुण बेताचाच येई. १९४० च्या दशकात डॅप्सोनच्या कुळातील औषधे आली आणि पहिल्यांदाच जंतूवर खरा मारा करता येऊ लागला. बाबा शिकले ते याच बदलाच्या काळात. त्याच सुमारास वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड वाकडी बोटे सरळ करण्याच्या शस्त्रक्रिया विकसित करत होते.

हा जंतू प्रयोगशाळेत वाढवता येत नव्हता, त्यामुळे संशोधन अडले होते. तेव्हा बाबांनी प्रयोगासाठी स्वतःचे शरीर देऊ केले. जंतू टोचूनही त्यांना आजार झाला नाही आणि प्रयोग फसला. पण सामान्य निरोगी माणसाला कुष्ठरोग सहजासहजी होत नाही, हेही त्यातून दिसले. पुढची जवळजवळ सहा दशके ते रुग्णांमध्येच राहिले. हा आजार त्यांना कधीच झाला नाही.

आनंदवनात वेगळे काय घडले?

सरकारकडून मिळालेल्या पन्नास एकर पडीक जमिनीवर बाबा, साधनाताई, विकास आणि प्रकाश ही दोन लहान मुले आणि सहा रुग्ण राहायला गेले. सोबत एक लंगडी गाय आणि खिशात १४ रुपये होते. जून १९५१ मध्ये विनोबा भावे यांच्या हस्ते आनंदवनाचा प्रारंभ झाला. आजूबाजूला विंचू, साप आणि झुडपी जंगल होते. पहिले मोठे काम विहीर खोदण्याचे होते. बोथट झालेल्या हातांनी रुग्णांनीच ती खोदली.

बाबांनी आसपासच्या गावांत साप्ताहिक दवाखाने चालवले, गोळ्या आणि मलमपट्टी दिली. मात्र एक अडचण त्यांच्या लवकर लक्षात आली. बरा झालेला माणूस घरी परतला की घरचे त्याला आत घेत नसत. काम मिळत नसे. मग भीक मागणे आणि त्यासाठी जखम उघडी ठेवणे एवढेच उरे. जंतू मेला तरी आजार त्याच्या संसारातून गेलेला नसे. म्हणून औषधाइतकेच महत्त्व त्यांनी कामाला दिले. शेती, दुग्धव्यवसाय, हातमाग, सुतारकाम, पत्र्याच्या वस्तू, छपाई असे एकेक काम सुरू झाले. ज्याच्या हाताला जे जमेल, ते त्याने करायचे. दयेवर जगणे माणसाला आणखी दुबळे करते, अशी त्यांची ठाम धारणा होती.

सुरुवातीला आनंदवनाचा भाजीपाला, दूध घ्यायला वरोऱ्याचे लोक कचरत. आंतरराष्ट्रीय स्वयंसेवकांची तुकडी येऊन रुग्णांसोबत राबू आणि जेवू लागली, तेव्हा गावाची भीती हळूहळू ओसरली. १९६४ मध्ये आनंद निकेतन महाविद्यालय उभे राहिले आणि गावातील मुले रुग्णांनी उभारलेल्या परिसरात शिकायला येऊ लागली. अंध व मूकबधिर मुलांच्या शाळा आल्या. बरे झालेल्या रुग्णांची लग्ने झाली, संसार उभे राहिले. १९६७ मध्ये मूलजवळ सोमनाथ येथे दुसरा प्रकल्प सुरू झाला.

बाबांचे स्वतःचे आजारपण कसे होते?

दीर्घ आजारासह जगणे बाबांना स्वतःच्या शरीरानेही शिकवले. त्यांच्या पाठीच्या कण्याची झीज झाली होती. आयुष्याची शेवटची काही दशके त्यांना बसताच येत नसे. एक तर उभे राहायचे, नाही तर आडवे पडायचे. शस्त्रक्रिया, पट्टे आणि वेदना रोजच्या झाल्या. हा आजार पूर्ण बरा होणारा नव्हता, म्हणून त्यांनी दिनक्रमच त्याच्याभोवती बसवला. चर्चा, वाचन आणि लेखनिकाला मजकूर सांगणे ही कामे आडवे पडूनच होत. डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून निघालेल्या भारत जोडो यात्रेत तरुण सायकलवर होते आणि सत्तरी ओलांडलेले बाबा वाहनात केलेल्या बिछान्यावर. १९९० मध्ये नर्मदाकाठी कसरावदला राहायला गेले, तेव्हाही शरीराची हीच अवस्था होती.

गडचिरोलीशी संबंध कसा जुळला?

२३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तेव्हा हा भाग चंद्रपूर जिल्ह्यातच होता. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला. बाबांचे धाकटे पुत्र डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया लोकांसाठी दवाखाना उघडला. त्या भागात रस्ते नव्हते, पावसाळ्यात नद्यांमुळे गावे तुटत. डॉक्टर दाम्पत्य माडिया भाषा शिकले, तेव्हा कुठे लोक उपचाराला येऊ लागले. जंगलातल्या गावात आजार वेळेत कळणे हे औषधाइतकेच विश्वासावर आणि अंतरावर अवलंबून असते. न दुखणारा, न खाजणारा चट्टा दाखवायला मजुरी बुडवून दूरचा दवाखाना कोण गाठणार, ही अडचण तिथे आजही खरी आहे.

आज कोणते उपचार आहेत?

एकट्या डॅप्सोनला जंतू दाद देईनासे झाले, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९८२ मध्ये बहुविध औषधोपचार, म्हणजे एमडीटी सुचवला. रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन ही त्यातली औषधे. आजाराच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने ती घ्यावी लागतात. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळतात. उपचार सुरू झाल्यावर अल्पावधीतच रुग्णापासून संसर्गाचा धोका राहत नाही, त्यामुळे त्याला वेगळे ठेवण्याची गरज नसते. रिफाम्पिसिनमुळे लघवी काही काळ लालसर होते, क्लोफाझिमिनमुळे त्वचा काळवंडते. हे तात्पुरते असते. त्याला घाबरून गोळ्या सोडू नयेत.

उपचार चालू असताना किंवा संपल्यावरही काहींना रिअ‍ॅक्शन येते. मेलेल्या जंतूंच्या अंशांवर शरीराची प्रतिकारशक्ती तुटून पडते. ताप, दुखऱ्या गाठी, सांधेदुखी, सुजलेल्या नसा ही तिची लक्षणे. कधी हे चित्र ल्युपससारखे दिसते. ल्युपसमध्ये प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते, चेहऱ्यावर लाल चट्टा येतो, सांधे दुखतात आणि मूत्रपिंडावरही परिणाम होऊ शकतो. तो संसर्गजन्य नाही, पण त्याचे उपचार बहुधा दीर्घकाळ चालतात. दोन्हींत स्टिरॉइड लागू शकते, मात्र बाकीची औषधे वेगळी. म्हणून अंदाजाने उपचार न करता तपासणी करून घेणे आवश्यक ठरते. नस बिघडून सहा महिने होण्याच्या आत स्टिरॉइड सुरू झाले, तर गेलेली ताकद परतण्याची शक्यता चांगली असते. उशीर झाला की व्यंग कायमचे राहू शकते.

औषधे संपल्यावर काय करावे?

गोळ्या जंतू मारतात, पण पूर्वीच गेलेली संवेदना परत आणतीलच असे नाही. अशा रुग्णाने रोज हातपाय पाण्यात भिजवून तेल लावावे, तळपाय तपासावेत, मऊ तळाची एमसीआर चप्पल वापरावी. गरम भांडे उचलताना जाड फडके धरावे, डोळ्याची काळजी घ्यावी. वाकड्या बोटांसाठी व्यायाम आणि शस्त्रक्रियेची सोय आहे. ही काळजी आयुष्यभराची असते आणि घरच्यांच्या साथीशिवाय ती टिकत नाही.

भीती खरेच कमी झाली आहे का?

राष्ट्रीय पातळीवर रुग्णांचे प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली आल्याचे भारताने २००५ च्या अखेरीस जाहीर केले. पण आजार संपला, असा त्याचा अर्थ नव्हता. रुग्णांना वेगळे डांबण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूद २०१९ मध्ये निघाली. कायदा बदलायला आनंदवनानंतर सहा दशकांहून अधिक काळ लागला.

बाबांना १९८५ मध्ये मॅगसेसे, १९९० मध्ये टेम्पलटन आणि पुढे गांधी शांतता पुरस्कार मिळाला. शेवटी त्यांना रक्ताचा कर्करोग झाला. ९ फेब्रुवारी २००८ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचे आनंदवनात निधन झाले. तिथल्याच मातीत त्यांना मूठमाती देण्यात आली.

अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तिथे स्पर्श किंवा गरम-थंड कळत नसेल, हातापायाला मुंग्या येत असतील, वस्तू हातातून निसटत असेल, तर आशा स्वयंसेविकेला सांगावे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. चट्टा दुखत नाही म्हणून थांबू नये. न दुखणे हेच या आजाराचे पहिले लक्षण असू शकते.