दनी पापँ
दनी पापँ (२२ ऑगस्ट १६४७ – इ.स. १७१३) हे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ व संशोधक होते. इंग्रजी उच्चारानुसार त्यांचे नाव डेनिस पॅपिन असे लिहिले जाते. प्रेशर कुकरचा पूर्वज मानले जाणारे वाफेचे बंद भांडे आणि सुरक्षा झडप ही त्यांची प्रमुख कामगिरी होय.

जीवन

पापँ यांचा जन्म फ्रान्समधील ब्लुआ शहराजवळ एका कॅल्व्हिनपंथी कुटुंबात झाला. आँजे येथे त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली. परंतु वैद्यकीपेक्षा यंत्रांकडे त्यांचा ओढा अधिक होता. पॅरिसमध्ये क्रिस्तियान हायगेन्स यांचे आणि १६७५ नंतर लंडनमध्ये रॉबर्ट बॉइल यांचे साहाय्यक म्हणून त्यांनी काम केले. १६८५ साली फ्रान्समध्ये प्रॉटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य संपुष्टात आल्याने मायदेशी परतण्याचा मार्ग बंद झाला.

वाफेचे भांडे

१६७९ साली पापँ यांनी रॉयल सोसायटीपुढे आपले भांडे सादर केले. जाड धातूच्या या भांड्याचे झाकण स्क्रूने घट्ट आवळले जाई. कोंडलेल्या वाफेमुळे दाब वाढून पाणी १०० अंशांपेक्षा अधिक तापमानाला उकळे व हाडेही मऊ होत. टाकून दिलेल्या हाडांपासून गरिबांना स्वस्त, सकस अन्न मिळावे आणि इंधन वाचावे, हा त्यामागील हेतू होता. भांडे फुटण्याचा धोका टाळण्यासाठी त्यांनी झाकणावर वजन लावलेल्या तरफेची झडप बसवली. दाब मर्यादेबाहेर गेला की ती उचलली जाऊन वाफ बाहेर पडे. भांड्यापेक्षा ही झडपच अधिक महत्त्वाची ठरली, कारण पुढील काळातील बाष्पित्रे तिच्याशिवाय सुरक्षित राहिली नसती.

वाफयंत्र आणि अखेर

मारबुर्ग येथे गणिताचे प्राध्यापक असताना १६९० साली त्यांनी वाफेने दट्ट्या उचलण्याची आणि वाफ थंड होताच हवेच्या दाबाने तो खाली आणण्याची कल्पना प्रसिद्ध केली. १७०७ साली ते चाकांची बोट घेऊन कासेलहून निघाले असता म्युंडेन येथील नावाड्यांनी ती मोडून टाकली. ही बोट वाफेवर चालत असे, असे लोकप्रिय लेखनात वारंवार म्हटले जाते. पत्रव्यवहारावरून मात्र तिची चाके माणसांच्या बळावर फिरत असावीत, असे दिसते. लंडनला परतल्यावर रॉयल सोसायटीकडून त्यांना अपेक्षित अर्थसाहाय्य मिळाले नाही. अखेरचे दिवस दारिद्र्यात गेले. १७१२ साली टॉमस न्यूकमेन यांचे यंत्र खाणीतील पाणी उपसू लागले, त्याचे श्रेय व लाभ पापँ यांच्या वाट्याला आले नाहीत. ऑगस्ट १७१३ मध्ये लंडनच्या सेंट ब्राइड चर्चमध्ये त्यांचे दफन झाल्याची नोंद अलीकडे सापडली आहे.

कुकर आणि भात

भारतात प्रेशर कुकर १९५९ च्या सुमारास घरोघरी पोहोचू लागला. हॉकिन्स ही मुंबईची कंपनी त्याच वर्षी स्थापन झाली. कुकरच्या शिटीचे वजन पापँ यांच्या झडपेच्याच तत्त्वावर उचलले जाते. रायगड किनाऱ्यावरील उरण समुद्रसपाटीला असल्याने तेथे उघड्या पातेल्यात पाणी सुमारे १०० अंशांना उकळते, तर महाबळेश्वरला सुमारे ९५ अंशांना. कुकरमध्ये मात्र दोन्हीकडे तापमान १२० अंशांच्या आसपास जाते. म्हणून डोंगरावर त्याची गरज अधिक भासते. उरणच्या भातखाऊ घरांत तो मुख्यतः वेळ आणि इंधन वाचवतो. गॅसशी तर उरणचे नाते जवळचे आहे. मुंबई हायमधून येणाऱ्या वायूपासून स्वयंपाकाचा गॅस येथील तेल व नैसर्गिक वायू महामंडळाच्या प्रकल्पात वेगळा काढला जातो.

इटलीतील रिझोट्टो हा मऊ, दाटसर भातही आता कुकरमध्ये केला जातो. मूळ पद्धतीत तांदूळ लोण्यावर परतून त्यात गरम रस्सा पळीपळीने घालत सुमारे वीस मिनिटे ढवळावे लागते. कुकरमध्ये तांदळाच्या साधारण दुप्पट रस्सा एकदमच घालतात. दाब आल्यावर सहा-सात मिनिटांत आच बंद करून वाफ लगेच सोडतात. दाब उतरताना रस्सा जोराने उसळतो, दाणे हलतात आणि त्यांचे पिष्ट रश्श्यात मिसळते. हातातील पळीचे काम काही अंशी असे होते. लोणी आणि किसलेले चीज झाकण उघडल्यावरच घालतात. वाफ आपोआप ओसरेपर्यंत थांबल्यास मात्र दाणे फुटून त्याची खिमट होते.