शेताखालचे पाणी : जॉन बेनेट लॉझ

शेतकरी गव्हाला युरिया टाकतो आणि मग पाटाचे पाणी सोडतो, हे तुम्ही पाहिले असेल. पण टाकलेले सारे खत पिकाला मिळते का? की त्यातले काही पाण्याबरोबर निघून जाते? हा प्रश्न एका माणसाने आपल्या शेतालाच विचारला. त्या माणसाचे नाव जॉन बेनेट लॉझ.

लॉझ यांचा जन्म इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे 1814 साली झाला. लहानपणीच त्यांचे वडील वारले. ऑक्सफर्डचे शिक्षण पदवी न घेताच सोडून ते घरी परतले. 1834 साली घरची जमीन त्यांच्या ताब्यात आली. त्यांना रसायनशास्त्राचे वेड होते. घरातील एक झोपण्याची खोलीच त्यांनी प्रयोगशाळा बनवली! हाडांवर गंधकाम्लाची क्रिया करून त्यांनी सुपर फॉस्फेट हे खत तयार केले. 1842 साली त्याचे पेटंट घेऊन त्यांनी लंडनजवळ कारखाना काढला.

खत विकून श्रीमंत होणे त्यांना सोपे होते. पण खत खरोखर किती उपयोगी पडते, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. 1843 साली जोसेफ हेन्‍री गिल्बर्ट हे रसायनशास्त्रज्ञ त्यांच्याकडे कामाला आले. दोघांनी ब्रॉडबॉक नावाच्या शेतात गहू पेरला. शेताचे पट्टे पाडले. एका पट्ट्याला शेणखत, काहींना निरनिराळी रासायनिक खते, तर एकाला काहीच नाही. गव्हाला जमिनीतून नत्र मिळाले पाहिजे, असे त्यांना दिसून आले. झाडांना लागणारे नत्र हवेतून मिळते, असे लीबिग हे थोर जर्मन शास्त्रज्ञ मानत. त्यांच्याशी लॉझ यांचा मोठा वाद झाला. लॉझ यांनी भांडण वाढवण्यापेक्षा प्रयोग वाढवले.

1849 साली ब्रॉडबॉकच्या पट्ट्यांखाली भाजलेल्या मातीच्या नळ्या बसवण्यात आल्या. पुढे या नळ्यांतून येणारे पाणी तपासले गेले, तेव्हा त्यात नायट्रेट सापडले. ते कोठून आले? अमोनियाचे खत मातीला धरून राहते. पण मातीतील सूक्ष्म जीव त्याचे नायट्रेट करतात आणि नायट्रेट पाण्यात सहज विरघळून खाली जाते. खत पावसाळी हिवाळ्याच्या आधी टाकले, तर पीक लहान असते. त्याला ते खाता येत नाही आणि पाऊस ते धुऊन नेतो. म्हणजे शेतकऱ्याचा पैसाच नळीतून वाहून जात होता! म्हणून पुढे तेथे अमोनियाचे खत पीक वाढू लागल्यावर, वसंतात टाकण्याची पद्धत सुरू झाली.

पाहा मित्रांनो, हे सत्य सांगणारा माणूस स्वतः खताचा कारखानदार होता. खत वाया जाते हे लपवणे त्याच्या फायद्याचे होते. तरीही त्यांनी आपले निष्कर्ष छापून सर्वांपुढे ठेवले.

शेतकऱ्यांनी वर्गणी काढून त्यांचा सत्कार करायचे ठरवले, तेव्हा त्यांनी भेटवस्तूऐवजी प्रयोगशाळा मागितली. ती 1855 साली उभी राहिली. आपल्यानंतरही प्रयोग चालू राहावेत म्हणून 1889 साली त्यांनी एक लाख पौंड वेगळे काढून ठेवले. 1900 साली ते वारले. ब्रॉडबॉकमध्ये आजही गहू पेरला जातो.

आपल्याकडे पाऊस वेगळा, माती वेगळी. पण नियम तोच आहे. युरिया एकदम टाकून भरमसाट पाणी दिले, तर नत्र मुळांच्या खाली जाते आणि विहिरीच्या पाण्यात उतरते. भाताच्या साचलेल्या पाण्यात त्यातले काही वायू होऊन उडून जाते. म्हणून खत हप्त्याहप्त्याने आणि पाणी बेताने द्यावे. पुढच्या वेळी पाटाचे पाणी वाहताना पाहाल, तेव्हा त्याच्याबरोबर जमिनीखाली काय चालले आहे, हा विचार जरूर करा.